धाकट्यांचं दुकान

फेसाने माखलेला गाल बोटांनी ताणून धाकट्यांनी वस्तरा टेकवला, तेवढ्यात इमारतीच्या मालकांची नात दारात येऊन उभी राहिली.

"येऊ का आत?" तिने विचारलं.

त्या रस्त्यावर हल्ली कोणी एवढं विचारून आत येऊ लागलं की दुकानदार मनात भाड्याचा हिशेब मांडू लागत. धाकट्यांनी मानेनेच बाकाकडे खूण केली.

"बसा. एवढी दाढी होऊ दे."

खुर्चीतले निवृत्त पोस्टमास्तर आरशातून तिच्याकडे बघत राहिले. एक गाल गुळगुळीत, दुसरा पांढराफेक.

"काका, लहानपणी तुम्ही माझे केस कापले होते," ती म्हणाली. "भावाबरोबर आले होते आणि हट्ट धरून बसले. आई आठवडाभर धुसफुसत होती."

"आठवतंय. खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून बसवलं होतं तुम्हाला. उठायला तयार नव्हतात."

ती हसली आणि मग तिने हसू आवरून घेतलं. आजोबा गेल्यापासून इमारतीचं सगळं बघणं तिच्याकडे आलं होतं. नव्या भाड्याचा आकडा तिला तोंडाने म्हणवेना. तिने मोबाइलवर तो लिहिला आणि पुढे धरला. धाकट्यांनी वस्तरा पुसून बाजूला ठेवला, चष्मा जरा वर करून आकडा वाचला आणि पुन्हा वस्तरा हातात घेतला.

"मी एकटी असते ना काका, तर वेगळं असतं. आम्ही सगळी चुलत भावंडं आहोत आता."

"बरोबर आहे," धाकटे म्हणाले आणि पोस्टमास्तरांना म्हणाले, "मान वर करा."

ती गेल्यावर पोस्टमास्तरांनी दोन्ही गालांवरून हात फिरवला. आकडा किती ते त्यांनी विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "आता आमच्या दाढीचं काय?"

"वाढवा. लोक पाया तरी पडतील."

दोघेही हसले. मग धाकट्यांनी तुरटी शोधायला नको इतका वेळ लावला. ती समोरच होती.

साठी उलटून किती वर्षं झाली होती, तरी अख्खा रस्ता त्यांना 'धाकटे'च म्हणायचा. वडिलांनी टाकलेल्या या दुकानात एकेकाळी दोन भाऊ शेजारी शेजारी उभे राहत. गिऱ्हाइकांनी त्यांची नावं कधी विचारलीच नाहीत. थोरल्यांकडे कात्रीसाठी जायचं, धाकट्यांकडे दाढीसाठी. थोरले दुकान सोडून दुसरीकडे गेले, थोरल्यांना ओळखणारे गेले, तरी धाकट्यांना काही बढती मिळाली नाही. नव्या पोरांना वाटे, हे त्यांचं आडनावच असावं.

त्या रस्त्याने बरंच पाहिलं होतं. पूर्वी घाऊक कापडबाजार होता तेव्हा सकाळी दुकानाबाहेर रांग लागे. हमाल, दलाल, कारकून, सगळे एकाच बाकावर खेटून बसत आणि एकाच वर्तमानपत्राची पानं वाटून घेत. पुढे बाजार गावाबाहेर हलला आणि रस्त्याचा जीवच गेला. शटरं गंजली. दुपारी चपलेचा आवाज आला की माणूस मान वर करून बघे, कोण आलं म्हणून. त्या दिवसांत चष्मेवाला, पिशव्या शिवणारा आणि धाकटे असे तिघेच एकमेकांच्या आधाराने टिकून राहिले. गिऱ्हाईक नसलं की तिघं एकमेकांचं गिऱ्हाईक होत. त्या काळात चष्मेवाल्याचे केस कधी वाढले म्हणून नाहीत आणि धाकट्यांच्या घरी गरजेपेक्षा चार पिशव्या जास्तच होत्या.

आणि आता रस्त्याला पुन्हा दिवस आले होते. नवे दिवे, झाडांच्या कुंड्या, कॉफीचा वास. संध्याकाळी तरुण मुलंमुली फिरायला येत, जुन्या कमानींखाली उभं राहून फोटो काढत. खोटं कशाला बोला, धाकट्यांना ते आवडायचं. या दिवसाची त्यांनी इतकी वर्षं वाट पाहिली होती. तो दिवस आला, पण आधी चष्मेवाल्याला उठवून, मग पिशवीवाल्याला उठवून, आणि आता त्यांच्या दारात परवानगी मागत उभा राहिला.

रात्री जेवताना त्यांनी बायकोला आकडा सांगितला. तिने भाताचा चमचा पातेल्यातच ठेवला.

"मग?"

"मग काय. बंद करायचं."

तिने पातेल्यावर झाकण टाकलं. "तुमच्या दादांना सांगून या," ती म्हणाली. "काही झालं तरी वडिलांचं दुकान आहे. बाहेरून कळायला नको त्यांना."

त्या रविवारी धाकट्यांनी इस्त्रीचा शर्ट काढला.

बसच्या खिडकीशी बसून ते मनातल्या मनात एक वाक्य जुळवत होते. खरं तर जुळवायचं काही उरलंच नव्हतं. इतकी वर्षं ते वाक्य चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवावा तसं त्यांनी फिरवून फिरवून धारदार करून ठेवलं होतं. रस्ता मेला होता तेव्हा जुन्या मालकांनी स्वतः बोलावून सांगितलं होतं, तुम्ही भावांनी दुकान विकतच घेऊन टाका, कवडीमोलाने देतो. वडिलांनी मागे ठेवलेले पैसे तेवढ्यासाठी पुरत होते. धाकटे हात जोडून मागे लागले. थोरला म्हणाला, "मढ्याला दागिने घालतोस का?" त्याने आपला वाटा घेतला, नव्या वस्तीत दुकान थाटलं आणि तिकडेच राहायला गेला. भांडण असं झालंच नाही. नुसतं येणंजाणं आटलं. लग्नाकार्यात भेट झाली की दोघे एकमेकांच्या मुलांची चौकशी करत.

बघ दादा, मी तेव्हाच सांगत होतो. एवढंच ते वाक्य होतं.

दार वहिनीने उघडलं. धाकट्यांना बघून तिच्या चेहऱ्यावर आधी भीती आली, कोण गेलं म्हणून. मग ती बाजूला झाली.

"या भाऊजी. खिडकीशी बसलेत."

थोरला खुर्चीत बसला होता. उजवा हात त्याने डाव्या काखेत धरून ठेवला होता, थंडी वाजत असल्यासारखा. गालांवर पांढरे खुंट वाढले होते. हा माणूस जन्मात कधी दाढी न करता चहा प्यायला नव्हता. धाकट्यांची नजर तिथेच अडली.

"नातू मशीन फिरवतो रविवारी," थोरला म्हणाला. "आज विसरला असेल."

वहिनीने चहा आणला. धाकट्यांचा कप भरलेला होता, थोरल्याचा अर्धाच. त्याने हात काखेतून काढला, तेव्हा का ते कळलं. अर्धा कप असूनही बशीत चहा सांडला. वहिनीने न बघितल्यासारखं करून बशी पुसली.

"माझं दुकान दिलं पोराने मोबाइलवाल्याला," थोरला म्हणाला. "करणार काय. लोक घाबरायला लागले. कानाजवळ कात्री आली की खांदे वर घ्यायचे." तो थोडा हसला. मग म्हणाला, "तुझं काय? आपल्या रस्त्याला दिवस आलेत म्हणे. पेपरात फोटो होता."

"आलेत थोडे."

"भाडं वाढवलं असेल."

धाकट्यांनी कप खाली ठेवला. वाक्य जिभेवर होतं. समोर भावाचा उजवा हात पुन्हा काखेत शिरत होता, चोरासारखा.

"वाढवलं," ते म्हणाले. "पण परवडण्यासारखं आहे. भाड्याचं काही नाही रे. मीच बंद करतोय."

"का?"

"गुडघे. दिवसभर उभं राहवत नाही आता."

थोरला त्यांच्याकडे बघत राहिला. "म्हणजे भाड्यामुळे नाही?"

"छे."

"मला वाटलं..." तो थांबला. "तेव्हा घेऊन ठेवायला हवं होतं की काय, असं कधी कधी..."

"आणि आज काय केलं असतं त्याचं? मुलगी दुसऱ्या गावी. विकायची उठाठेव कुणी करायची? सुटलो म्हण."

थोरल्याने हळूच श्वास सोडला आणि मान खुर्चीला टेकली. वहिनी दारात उभी होती. धाकटे घरात आले ते पायऱ्या झरझर चढून, चपला उभ्याउभ्याच काढून. ते तिने पाहिलं होतं. पण तिने नुसते कप उचलले.

निघताना थोरला म्हणाला, "बंद करायच्या आधी एकदा यावंसं वाटतं."

शेवटच्या दिवशी दुपारी टॅक्सी दुकानासमोर थांबली. वहिनीने आधी उतरून हात दिला. थोरला फुटपाथवर उभा राहून बराच वेळ रस्ता बघत होता. जिथे कापडाचे गठ्ठे पडायचे तिथे खुर्च्या मांडल्या होत्या. चष्मेवाल्याच्या जागी केक मिळत होते. माणसं वाट काढत चालली होती.

"एवढी गर्दी," तो स्वतःशीच म्हणाला.

आत धाकट्यांची बायको बाटल्या कागदात गुंडाळत होती. ती उठून थोरल्याच्या पाया पडायला वाकली तर तो म्हणाला, "असू दे, असू दे," आणि भिंतींकडे बघत बसला. आरसे तेच होते. कुठे पारा उडाला आहे ते त्याला पाठ होतं. पोस्टमास्तर येऊन दाढी करून गेले. त्यांनी थोरल्याला ओळखलं, दोघांनी जुन्या हमालांची, दलालांची नावं काढली, कोण आहे, कोण नाही. दुपार बरी चालली होती.

मग मालकांची नात आली. हातात फुलं होती, ती कुठे ठेवावी ते तिला कळेना.

"काका, मला रात्री झोप नाही लागली," ती म्हणाली. "चौपट भाडं म्हणजे अन्यायच होता. मी सगळ्यांना म्हटलं होतं, निदान तुमच्यासाठी तरी दुप्पटच ठेवा. तुम्ही राहायला तयार होता, हे माहीत होतं मला. पण कुणी ऐकलं नाही."

धाकटे कंगवे पुसत होते. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. आरशातही बघितलं नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले. "किल्ली संध्याकाळी देतो."

ती गेली. बाहेर कुणीतरी मोठ्याने हसलं. धाकट्यांची बायको कागद घडी करत राहिली, एकच कागद, पुन्हा पुन्हा.

थोरला बाकावरून उठला. खुर्चीच्या पाठीवर पांढरा कपडा होता, तो त्याने उचलला आणि झटकला. पूर्वी झटकायचा तसाच, एका फटक्यात.

"बस," तो म्हणाला.

"अहो, नको," वहिनी पुढे झाली. "तुमचा हात..."

"बस म्हटलं ना."

धाकट्यांनी बायकोकडे बघितलं. मग चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला आणि खुर्चीत बसले. कपडा गळ्याशी आला. गाठ बसायला वेळ लागला. कुणी मदत केली नाही.

थोरल्याने डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं. कात्री हवेत नुसतीच कचकच वाजत राही आणि एखाद्या क्षणी केसांना लागे. दोनदा पातं कानाला थंडगार शिवून गेलं. धाकट्यांचे खांदे होते तिथेच राहिले.

"गुडघे कसे आहेत?" थोरल्याने मागून विचारलं.

"बरे आहेत."

"हं."

कात्री पुन्हा वाजू लागली. मानेवरचे केस झटकताना थोरल्याचा तळवा क्षणभर तिथेच थांबला. तो थरथरत होता आणि धाकट्यांनी मान तशीच खाली ठेवली.

घरी आल्यावर बायकोने दिव्याखाली बसवून बघितलं. एका बाजूला केस कापले होते, दुसरीकडे झुपका तसाच होता.

"जरा सारखं करू का? लोक हसतील."

"हसू देत."

पुढच्या सोमवारी सकाळी जाग नेहमीच्याच वेळेला आली. धाकट्यांनी ब्रश, साबण आणि वस्तरा टॉवेलात गुंडाळला आणि बस पकडली. मागच्या सीटवरच्या दोन मुली त्यांच्या मानेकडे बघून कुजबुजत होत्या.

वहिनीने दार उघडलं. पाणी तापवलेलं होतं. खिडकीशी खुर्ची उजेडाकडे वळवून ठेवली होती आणि थोरला गळ्यात पंचा अडकवून बसला होता.

"उशीर केलास," तो म्हणाला आणि हनुवटी वर केली.