पाठीवरचा ओरखडा

मी संगणकाच्या पडद्यावर चित्रे उमटवणारे एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. मित्रांनो, मला माफ करता येत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

बल्गेरियातल्या गाब्रोवो गावी माझी उमेदीची वर्षे गेली. रालित्सा माझ्या जोरावर कोल्ह्या-अस्वलांची हलती चित्रे करायची. "हे कार्ड नाही, माझा उजवा हात आहे," ती म्हणे, आणि माझा पंखा फुशारून फिरे. त्याच चित्रांवर तिला चित्रपटशाळेत प्रवेश मिळवायचा होता.

एकदा तिचा थोरला भाऊ कामेन, ती नको म्हणत असताना, माझी धूळ काढायला बसला. स्क्रूड्रायव्हर घसरला. वीज साठवणारा, तांदळाच्या कणीएवढा कपॅसिटर उडून केरात गेला आणि माझ्या पाठीवर लांब ओरखडा उमटला. पडदा काळा झाला.

"हिनंच राबवून राबवून जाळलं, आणि आता आळ माझ्यावर घेते," कामेनने वडिलांना सांगितले.

"क्षमेच्या रविवारी भावाची माफी माग," वडील तिला म्हणाले. "तोवर संगणकाला हात लावायचा नाही. शाळेचं नावही काढायचं नाही."

तिकडे त्या दिवशी धाकट्यांनी थोरल्यांचा हात चुंबून माफी मागायची रीत आहे. मी कपाटात पडून एकच जप करत होते: कुणीतरी माझी पाठ बघा.

रालित्साने मला गुपचूप वेल्कोकाकांच्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानात नेले. त्यांनी मला भिंगाखाली धरले.

"जळालंय कुठं? खरवडलंय. कुणी उघडलं, लोहारानं?"

एका मेलेल्या कार्डावरचा तसाच कपॅसिटर त्यांनी गरम हवेने सोडवला आणि चिमट्याने माझ्यावर बसवला. तुटलेली तांब्याची रेघ केसासारख्या तारेने सांधली. पडदा उजळला.

"आता वरून कार्डाच्याच रंगाची हिरवी लाख लावतो. ओरखडा दिसायचासुद्धा नाही."

"बिनरंगाची लावा, काका. दिसू दे."

रविवारी टेबलावर हलवा मांडला होता. कामेनने ऐटीत हात पुढे केला. रालित्साने त्या हातावर मला पालथे ठेवले.

"चालू झालंय हे, बाबा. जळालेलं कार्ड असं दिसतं का, ते दादाला विचारा."

वडिलांनी ओरखड्यावरून बोट फिरवले. "स्क्रूड्रायव्हर कुणाच्या हातात होता?"

कामेनने मला हळूच टेबलावर ठेवले. "माझ्या."

"मग आज तू हिचा हात चुंब."

थोरला धाकटीपुढे वाकला. रीतीप्रमाणे ती म्हणाली, "माफ केलं." मी म्हटले नाही.

मित्रांनो, आम्हाला हलक्या हाताने उघडा, आणि हात घसरलाच तर तसे कबूल करा. कपॅसिटर दुसरा मिळतो, विश्वास नाही.

आता मी संगणकाच्या काचेआड आहे, ओरखडा बाहेरच्या बाजूला. रालित्साची अस्वले पुन्हा चालू लागली आहेत. कामेन जाता-येता मान दुसरीकडे वळवतो. वळवू दे. ओरखडा दिसावा म्हणून मी माझा दिवा लावून बसले आहे.