मशीनच्या शेपटीवरची पोती

आमच्या जावयाला एक खोड आहे. काही विचारलं की आधी हसतो, मग म्हणतो, "आई, तुम्हाला यातलं नाही कळायचं." शाळेची पायरी मी फार चढले नाही, हे खरं. पण सून होऊन आले तेव्हा या घराला धड दारसुद्धा नव्हतं. भिंत न् भिंत मी उन्हात उभी राहून बांधून घेतली. आणि हा मला कळायचं नाही म्हणतो!

वरच्या मजल्याचं काम त्याने स्वतःच मागून घेतलं. "घरात ठेकेदार असताना बाहेरचा कशाला?" लेकीच्या तोंडाकडे बघून मी हो म्हटलं आणि तेव्हापासून जीभ चावत बसलेय. त्याला चहा कडक लागतो, सकाळी उठायला उशीर लागतो आणि मजूर आला नाही की बायको लागते.

त्या दिवशीही मजूर नव्हता. माझी लेक पदर खोचून खाली विटा भरत होती. विटा वर ओढायचं मशीन गच्चीवर बसवलेलं. त्याचा लोखंडी हात कठड्याबाहेर, हाताला तार, तारेला डबा. मशीन पुढे कलंडू नये म्हणून मागे शेपटीवर वाळूची पोती रचलेली.

मला खटकलं ते वेगळंच. वाळूचा ट्रक आलाच नव्हता आणि आत गवंड्याचा गिलावा मात्र धडाक्यात चाललेला. मग वाळू येतेय कुठून? गुडघे धरत मी जिना चढले.

शेपटीवर एकच पोतं उरलं होतं, तेही अर्धं. बाकीची रिकामी पोती कोपऱ्यात घडी घालून ठेवलेली. टापटीप बघा केवढी!

"जावईबापू, ही वाळू भिंतीला लावलीत?"

तो हसला. "ट्रक संध्याकाळी येतोय, आई. परत भरू की. काम थांबलं तर तुम्हीच ओरडणार ना?"

"आणि तोवर हे मशीन कशाच्या भरवशावर?"

"तुम्ही खाली जाऊन बसा बघू," म्हणत त्याने बटण दाबलं.

डबा वर निघाला आणि मध्येच भिंतीलगत बांधलेल्या परांचीच्या फळीला अडकला. तार ताणली गेली. शेपटी जमिनीवरून उठली, आधी बोटभर, मग वीतभर. हा बटणावर बोट ठेवून नुसता बघतोय!

मी धपकन शेपटीवर बसले. माझ्या वजनाचा कुणाला उपयोग झाला तो जन्मात पहिल्यांदा. "बोट काढा! अगं ए, पळ तिथून, लांब हो!"

लेक मागे सरली आणि दोन विटा ती उभी होती तिथेच येऊन फुटल्या. गवंडी थापी टाकून धावत आला, माझ्याशेजारी बसला. "काकी, हलू नका." त्याने सांगितलं तसा जावयाने डबा हळूहळू खाली उतरवला.

जावयाने घाम पुसला. आणि पुन्हा हसला. "झालं ना? लागलं का कुणाला? उगाच बाऊ करता, आई."

मी उठले नाही. "बरं. मग तुम्ही खाली जा, विटा भरा. पोरीला वर पाठवा, ती बटण दाबेल. मी उठते इथून."

गवंडी त्याच्याकडे बघायला लागला. जावई जिन्यापर्यंत गेला, एक पायरी उतरला आणि थांबला.

"वाळू येऊ द्या ना, आई. मग बघू."

कठड्याखालून लेक ऐकत होती. तिलाही ऐकू जाईल अशा आवाजात मी बोलले:

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. बायकोला डब्याखाली उभं करताना सगळं ठाऊक होतं. आता ऐका, जावईबापू. हे मशीन आजच्या आज उतरवा आणि घेऊन जा. मजला दुसरा कुणी बांधेल, नाहीतर उघडा राहील. माझी लेक यापुढे तुमच्या हाताखाली वीट उचलणार नाही. तुमच्या घरी कधी यायचं ते तिचं ती ठरवेल. माझं विचाराल, तर तुमच्या भरवशावर मी मांजराचं पिल्लूसुद्धा ठेवणार नाही."