साहेबांचा पोचे पडलेला भोंगा

मी एक जुना भोंगा आहे. हातात धरून बोलायचा, सेलवर चालणारा. अंगावर तीन पोचे आहेत आणि तोंडाशी रक्ताचा डाग. किती पुसला तरी जात नाही मेला! हळू बोलणं माझ्या स्वभावात नाही, तेव्हा मित्रांनो, जरा लांबच बसा.

कारखान्यातून निघालो तो थेट साहेबांच्या हाती पडलो. तेव्हा ते साहेब नव्हते, बंदरावरच्या हमालांचे पुढारी होते. अंगानं काडी, आवाजानं तोफ. पहिल्याच मोर्चात समोरून धोंडा आला. साहेबांनी मला ढालीसारखं पुढे केलं आणि ते वाचले. हा माझा पहिला पोचा. धोंडा मारणाऱ्याला हमालांनी इतकं तुडवलं की त्याचा एक डोळा कायमचा गेला.

साहेबांची एक खोड होती. ते गर्दीला सांगत नसत, विचारत. "भिणार का?" गर्दी ओरडे, "नाही!" "हटणार का?" "नाही!" मग लाठ्या पडत, डोकी फुटत, आणि दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट होई.

त्याच जोरावर ते आमदार झाले. सभागृहात भोंग्याला बंदी होती, म्हणून त्यांनी मला कोटाखाली दडवून नेलं आणि भांडणाच्या भरात समोरच्या आमदाराच्या नाकावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मी अगदी जवळून ऐकला. हा दुसरा पोचा. तुम्हाला वाटेल, लोक चिडले असतील. छे! लोकांनी साहेबांना खांद्यावर घेतलं, वर्तमानपत्रात माझा फोटो आला. मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

पुढे मंत्रिपद आलं, समोर भारी माईक आले आणि मी कपाटावर गेलो. गरज सरो, वैद्य मरो. माझ्या कर्ण्यात झुरळांनी संसार थाटला. वर्षं गेली. साहेब पक्षाला नकोसे झाले. घरी बसवावं तर तोंड उघडतील, म्हणून त्यांना विद्यापीठाचे कुलगुरू करून टाकलं. घरी त्यांच्या बायको, बाईसाहेब, हसून म्हणाल्या, "जन्मभर काचा फोडल्यात, आता खिडक्या सांभाळा."

त्याच विद्यापीठात त्यांची नात शिकत होती. वसतिगृह पाडायचं ठरलं तेव्हा मुलं पायऱ्यांवर ठाण मांडून बसली, आणि सगळ्यांत पुढे ही. साहेबांचीच हनुवटी, साहेबांचाच हट्ट. पोलीस अधिकाऱ्यानं साहेबांना बाजूला घेतलं. "मुलं तुमचं ऐकून उठली तर ठीक. घोषणा सुरू झाल्या, तर मी थांबणार नाही."

इमारतीची वीज तोडलेली, माईक बंद. साहेबांनी मला घरून मागवलं. नवे सेल त्यांनी स्वतःच घातले.

"आजोबा, तुम्ही मध्ये पडू नका," नात म्हणाली.

"तुझं डोकं फुटलं तर तुझ्या आईला काय तोंड दाखवू? गप ऐक."

सुरुवात छान झाली. पाडकाम थांबवतो म्हणाले, शब्द देतो म्हणाले. एकदोघं उठलीसुद्धा. तेवढ्यात कुणीतरी टाळी वाजवली. अरे देवा! टाळी ऐकली की साहेबांचं वय उतरायचं. मान वर गेली, मूठ वर गेली, आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "मग सांगा मला, आता इथून हटणार का?"

"नाही!"

भिंती हादरल्या. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "थांबा, तसं नाही!" ते माझ्यातून ओरडले, पण त्या गर्जनेत माझंही कुणी ऐकेना. लाठ्या सुटल्या. पायऱ्यांवर मुलांवर मुलं कोसळली. साहेब नातीकडे धावले आणि मला ढालीसारखं पुढे धरलं. लाठी माझ्यावर बसली, आणि मी तिच्या तोंडावर. तिसरा पोचा. तिचे पुढचे दात माझ्यात पडले.

दवाखान्यात तिचा मोडलेला जबडा तारांनी बांधला होता. साहेब मला मांडीवर घेऊन रडत होते. "पोरी, मी तुम्हाला उठवायलाच आलो होतो गं."

ती तारांमधून कशीबशी बोलली. "मग उठा म्हणायचं ना, आजोबा. विचारलंत कशाला?"

तेव्हापासून साहेब कुणाला काही विचारत नाहीत. चहा घेणार का, एवढंही नाही. मी पुन्हा कपाटावर आहे. मित्रांनो, माझ्या पोटात अजून तेच सेल आहेत. ते पाझरायला लागलेत, मला आतून खातायत. कुणीतरी ते काढा हो. आणि मला हातात घ्यायची वेळ आलीच, तर मार कुणाच्या तोंडावर बसणार आहे, ते आधी बघा.