अकरा ओळींचं कोनफळ

आमच्या एपी बेटावर भाषा सहा आणि भोंगा एकच. तो आम्हा लेवोवाल्यांचा, म्हणून तो लेवोच बोलतो. माझ्या पुतण्याच्या, तासोच्या लग्नात तो माझ्या मेहुण्याच्या हातात होता. भोंगा हातात आला की माणसाची मान आपोआप ताठ होते.

मुलीकडची शेवटची भेट तेवढी राहिली होती. मुलीची मावशी, लेइसावी, हातभर लांब कोनफळ मांडीवर घेऊन चटईवर बसली होती. तिच्या गावची भाषा मायी. बोलणारे दोनशेसुद्धा नसतील. रीत अशी की देणाऱ्याने कोनफळाची कुळी मोठ्याने सांगायची: वेल कुठल्या मळ्यातून आली, कुणी आणली, कुणाच्या लग्नात. सांगितली नाही तर दिलं नाही. आणि शेवटची भेट दिल्याशिवाय जेवण उघडत नाहीत.

"मावशी, लेवोत सांगा," मेहुणा भोंग्यातून म्हणाला. "सगळ्यांना कळेल."

"वेल माझ्या आज्यांची. त्यांना लेवो येत नव्हती."

"अहो, त्या कुठं ऐकतायत आता?"

"तू तरी कुठं ऐकतोयस?" म्हणून मावशी कोनफळावर दोन्ही हात ठेवून गप्प बसली.

तापल्या दगडांवर, पानांखाली डुक्कर शिजून तयार होतं. वास सुटला होता. मी मनातल्या मनात हिशेब मांडला: आमची ऐंशी पोटं, तिचं एक. तरी अर्ध्या तासाने आमचाच दादा, म्हणजे नवऱ्याचा बाप, उठला. "सांग बाई तुझ्या भाषेत. पण आटप."

"आता नुसतं सांगणार नाही. जावयाने माझ्यामागून म्हणायचं. वेल त्याच्या मळ्यात लागणार ना?"

ओळी अकरा. तासो चौथीला अडखळला.

"पहिल्यापासून," मावशी म्हणाली.

पुन्हा चौथी. पुन्हा पहिल्यापासून. नवरी तोंड दाबून हसत होती. तिसऱ्या खेपेला आमची पोरं त्याला ती ओळ सांगू लागली, मग बायका, मग पाद्रीबुवासुद्धा. पाचव्या खेपेला मेहुण्याचा धीर सुटला. त्याने भोंगा तोंडाला लावला आणि चौथी ओळ, शुद्ध मायीत, अख्ख्या किनाऱ्याला ऐकवली.

सगळ्यांच्या माना भोंग्याकडे वळल्या.

तासोने उरलेल्या सात एका दमात संपवल्या. मावशीने कोनफळ त्याच्या हातात दिलं आणि भोंग्याकडे बोट केलं.

"त्याला आधी वाढा. घसा कोरडा पडला असेल."