मध आंबला ते वर्ष

धाकट्या मुलाचं लग्न झालं, त्याच वर्षी मधमाश्या पाळणाऱ्या दादांच्या घरात मधाच्या बरणीने टोपण उडवलं. सगळे जेवायला बसले होते. आतून ‘फट्’ असा आवाज आला आणि माहेरी आलेल्या लेकीचा घास हातातच राहिला.

“उंदीर असेल,” नव्या सुनेच्या सासूबाई म्हणाल्या.

“टोपणं उडवणारा उंदीर असेल तर त्याला कामावरच ठेवू,” म्हणत दादा उठले.

मधाच्या खोलीत मात्र त्यांची थट्टा विरली. बरण्यांच्या गळ्याशी पांढरा फेस आला होता. त्यांनी बोटाने चाटून पाहिलं. जीभ चुरचुरली. मध आंबला होता. तोही दादांचा, ज्यांची बरणी लोक डोळे मिटून घेत!

“इतक्या वर्षांत झालं नाही ते,” सगळ्यांबरोबर मागोमाग आलेली लेक म्हणाली, “यंदाच बरं कसं झालं! घरात नवीन कोण आलंय ते बघा.”

“मध तहानलेला असतो,” दादा पुटपुटले. “हवेतली ओलसुद्धा पितो.” बोलता बोलता त्यांची नजर खिळ्याला राहिलेल्या दोरीच्या तुकड्यावर गेली, आणि मग धाकट्या सुनेवर.

सुनेला ते पावसाचे दिवस आठवले. दादा तापाने पडून होते, बाहेर आभाळ गळत होतं, तेव्हा सगळ्या घरात हीच एक खोली कोरडी ठणठणीत होती. मधाच्या पिंपावर नुसतं फडकं होतं. तिने तिथेच दोऱ्या बांधून घरभरच्या ओल्या चादरी वाळवल्या होत्या आणि वर स्वतःच्या हुशारीवर खूशही झाली होती.

“दादा, मी...”

“मीच घाई केली,” दादांनी तिला पुढे बोलू दिलं नाही. “माश्यांनी पोळी मिटायच्या आतच कच्चा मध काढला. वय झालं, दुसरं काय! आता पाणी तापवा, का माझी वरात काढताय?”

मोठ्या पातेल्यात पाणी तापलं. त्यात मधाची भांडी ठेवून दादा फेस काढत बसले. सून शेजारी बसली.

“खरं का नाही सांगितलंत?”

“माझं नाव जुनं आहे, एक डाग पचवेल. तुझं अजून ओलं आहे. आच कमी कर, नाहीतर मध काळवंडायचा.”

दुपारी बेकरीवाला आला. “दादा, तुमचा मध आंबला? आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?”

“आंबलाय. मध म्हणून मी विकणार नाही. तुझ्या केकात घाल, आणि गिऱ्हाइकाला सांगून घाल.”

“पण झालं कसं?”

“कच्चा काढला!” दादा एवढ्या मोठ्याने म्हणाले, की आत लेकीलाही ऐकू जावं. बेकरीवाला डबे घेऊन गेला आणि गल्लीभर सांगत सुटला. ते वर्षभर लोक टोपण उघडून, वास घेऊनच बरणी नेत. दादाच बरणी नाकाशी धरत, “हुंगा, हुंगा! लाजू नका.”

पुढे एकदा सुनेला राहवलं नाही. तिने नणंदेला चादरींचं सगळं सांगून टाकलं.

“पुरे गं,” नणंद डोळे पुसत म्हणाली. “दादांची चूक स्वतःच्या अंगावर घेतेस होय? ते कच्चा मध काढून बसले होते, अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.”

दादांना जाऊन तेव्हा महिना झाला होता. त्या लग्नानंतरच्या पाचव्या वर्षी, हिवाळ्यात, दुपारच्या झोपेतच ते गेले.