सासऱ्यांच्या घोरण्याचा बॅकअप

माझ्या सासऱ्यांनी जन्मभर एकच आरोप नाकारला: आपण घोरतो हा. बाकी सगळं कबूल करायचे. चोरून साखर खाल्ली, कबूल. व्याह्यांच्या समोर बसल्या बसल्या डुलकी लागली, तेही कबूल. पण घोरणं? "मी डोळे मिटून विचार करत असतो," म्हणायचे. शेवटी सासूबाईंनी एकदा त्यांच्या उशाशी फोन ठेवून रात्रभराचा पुरावा गोळा केला आणि सकाळी चहाबरोबर ऐकवला. सासऱ्यांनी न्यायाधीशाच्या गांभीर्याने ऐकून घेतला आणि निकाल दिला, "हा मी नव्हे. हा वरच्या मजल्यावरचा."

पुढे सासरे गेले. फोटो पोतंभर होते, पण फोटोत माणूस पोट आत ओढून उभा असतो. घोरताना कोणी पोट आत ओढत नाही. त्यामुळे खरे सासरे म्हणाल तर तेवढे त्या फाईलमध्येच शिल्लक राहिले. तो फोन धाप टाकायला लागला तेव्हा मी ती फाईल कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, 'घोर' नावाच्या फोल्डरमध्ये.

कॉम्प्युटर सासूबाईंच्या खोलीत असतो, कारण टेबल मावेल अशी दुसरी भिंत घरात नाही. दुपारी जेवणं झाली की त्या कानांतली यंत्रं काढून चार्जिंगच्या डबीत ठेवतात, स्पीकर पलंगाच्या लाकडी पाठीला टेकवतात, आवाज पूर्ण करतात, 'घोर' उघडतात आणि आडव्या होतात. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला जिन्यात गाठून विचारलंही होतं, "पाहुणे बरेच दिवस राहिलेत, नाही?"

"कान काढल्यावर तुम्हाला ऐकू काय येतं, आई?" मी एकदा विचारलं.

"ऐकायचंय कुणाला? पलंग हलला पाहिजे."

मी शिवणाला बसले.

मी शिवणाचे नमुने तयार करून विकते. गळे, बाह्या, खिसे, कॉलर, सगळं कॉम्प्युटरवर. मला हे कोणी शिकवलं नाही. शिवण शिकले तसंच शिकले, उसवत उसवत. एकदा एका गिऱ्हाइकाचे सगळे नमुने उडाले, तेव्हा हट्टाला पेटून मी एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला दिलेली चिठ्ठी: आधी हे कर, मग ते कर, मध्ये तोंड उघडू नकोस. माझी चिठ्ठी माझं काम आणि घरच्या फायली टेबलामागे जोडलेल्या एका छोट्याशा काळ्या ड्राइव्हवर उतरवते. तिचं नाव मी 'आरसा' ठेवलं. कॉम्प्युटरवर जे, तेच ड्राइव्हवर. इकडे नवं आलं की तिकडे येणार, इकडचं गेलं की तिकडचंही जाणार. रोज सकाळी ती आपली आपण चालायची आणि शेवटी पडद्यावर लिहायची, 'सगळं सुखरूप आहे.' हे वाक्य मीच तिला शिकवलेलं. घरात निदान एकाने तरी रोज असं म्हणावं, एवढीच अपेक्षा.

मध्यंतरी कॉम्प्युटर जड झाला. जागा संपली म्हणून कुरकुर करायला लागला. माझे गळे-बाह्या तर पूर्वीएवढेच. हे सगळं जातंय कुठे, मला कळेना. मी वैतागून नवऱ्यापाशी बोलले आणि तिथेच घात झाला.

आमचे हे गोदामाचे व्यवस्थापक. वर्षभर ज्या मालाला उचल नाही तो बाहेर, हा त्यांचा धर्म. एका सुट्टीच्या दिवशी मी बाजारात गेलेली पाहून ते बाह्या सरसावून कॉम्प्युटरपुढे बसले. मी आले तर चेहऱ्यावर तृप्ती.

"सगळं मोकळं केलं. जुना पडीक माल काढून टाकला. कचरापेटीसुद्धा रिकामी केली."

"काय काय काढलंत?"

"जड आणि जुनं. तारखा बघूनच काढलंय, मी काय आंधळा आहे?"

जुने कॉलर, जुने खिसे गेले असतील, बरंच झालं, असं म्हणून मी भाजी निवडायला घेतली. कॉम्प्युटर खरंच हलका झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी 'आरसा' चालला आणि म्हणाला, सगळं सुखरूप आहे.

त्या दुपारी सासूबाईंनी हाक मारली. "अगं, हे आज घोरत नाहीयेत."

मी जाऊन बघितलं. 'घोर' नव्हतं. फाईल रात्रभराची, म्हणजे जड. आणि तिची तारीख सासऱ्यांच्या हयातीतली. फाईल रोज ऐकली म्हणून तिची तारीख बदलत नाही, ती बनली त्या दिवशीचीच राहते. म्हणजे आमच्या व्यवस्थापकांच्या नजरेत पक्का पडीक माल.

हे त्या दिवशी घरीच होते, पाय मुरगळला म्हणून. लंगडत आले. मी त्यांना सांगितलं.

"आई, मला वाटलं... मी नाव वाचलंच नाही गं."

सासूबाईंनी कानांत यंत्रं परत घातली होती. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या स्पीकर पलंगावरून उचलून टेबलावर नीट ठेवत म्हणाल्या, "असू दे. माणूसच गेलं, तिथे आवाजाचं काय." आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. पलंग गप्प.

मी म्हणणार होते, ड्राइव्हवर आहे की! मग आठवलं, सकाळी आरसा चालून गेला होता. इकडचं गेलं की तिकडचंही जाणार. माझीच चिठ्ठी, माझ्याच हातची.

तरी बघू, म्हणून मी टेबलामागे हात घातला. तिथे रोजच्यासारखा हिरवा दिवा लुकलुकत होता. वायर ओढली तर हातात सासूबाईंच्या कानांची डबी आली.

"आई, ही इथे?"

"मग कुठे असणार? तिकडे ते तुझं काळं काहीतरी रिकामंच बसलेलं होतं. ते काढलं आणि हिला जागा केली."

"कधी?"

"झाले की पुष्कळ दिवस."

मी कॉम्प्युटर उघडून बघितलं. ड्राइव्ह जागेवर नाही म्हटल्यावर माझ्या शहाण्या स्क्रिप्टने गप्प बसावं की नाही? नाही. तिने ड्राइव्हच्या नावाचा एक फोल्डर कॉम्प्युटरच्याच पोटात काढला आणि रोज सगळं त्यात भरत राहिली. एका खिशातलं दुसऱ्या खिशात, आणि वर म्हणे सुखरूप आहे. जागा त्यानेच संपली होती. आणि सकाळचा आरसा चालला तो या नकली ड्राइव्हवर.

"आई, ते काळं कुठे ठेवलंत?"

"टाकलं नाहीये मी. जपून ठेवलंय." त्यांनी उशीखालून सासऱ्यांच्या चष्म्याची डबी काढली. चष्मा कपाटात गेला होता आणि डबीत माझा ड्राइव्ह मापात बसला होता. "म्हटलं, तुझं काही महत्त्वाचं असेल."

या बाईंना मी किती वेळा सांगितलं होतं, ते असं ओढून काढायचं नसतं, आधी कॉम्प्युटरला विचारायचं! त्यांनी विचारलं नाही म्हणून सासरे त्या डबीत धडधाकट होते.

"आहे!" मी म्हटलं. "आई, आहे बहुतेक!"

सासूबाई उठून बसल्या. तेवढ्यात गॅसवरच्या दुधाची आठवण झाली. "कोणी काही करू नका," असं बजावून मी स्वयंपाकघरात पळाले. दूध उतू गेलंच होतं. परत आले तर ड्राइव्ह जोडलेला, पडद्यावर काळी खिडकी आणि तिच्यात पांढरी अक्षरं सरसर वर सरकतायत. हे अपराधी चेहऱ्याने माऊसवर हात ठेवून.

"काय केलंत?"

"आरसा चालवला. दोन्हीकडे सारखं होणार ना? मग तिकडचं इकडे येईल."

"अहो, तिकडचं इकडे येत नाही! इकडे नाही म्हणून तिकडचं उडतं!"

पडद्यावर दिसत होतं. कॉलर-जुने: काढलं. खिसे-जुने: काढलं. गळे-जुने: काढलं. पुढे कोण बसलंय हे बाराखडी येणाऱ्या कुणालाही कळलं असतं.

"काढा ते! काढा!"

"थांब, नीट काढतो," म्हणत हे ड्राइव्ह सुरक्षित काढायची कोपऱ्यातली ती खूण शोधायला लागले. घरात माझं एवढं ऐकणारा एकच माणूस, आणि त्याने नेमकी हीच वेळ साधली. "कुठे असते गं ती खूण?"

सासूबाई पलंगावरून तशाच वाकल्या आणि त्यांनी वायर धरून हिसडली. ड्राइव्ह टेबलावरून उडाला आणि त्यांच्या मांडीत पडला. काळी खिडकी लाल अक्षरांत शिव्या देत थांबली.

"विचारायचं असतं ना आधी?" त्या म्हणाल्या.

मी आधी 'आरसा' बंद केला. दोनदा तपासला. मग ड्राइव्ह जोडला. असा हिसडल्यावर तो रुसला होता, बराच वेळ नुसता गुरगुरला. आम्ही तिघं त्या पडद्यासमोर ऑपरेशन थिएटरबाहेर बसल्यासारखे बसलो. मग फोल्डर उघडले. कॉलर नाहीत, खिसे नाहीत, गळे नाहीत. 'घोर' होतं.

सासूबाईंनी स्पीकर उचलून पलंगाला टेकवला. कान काढले. मी फाईल लावली. करवतीसारखा तो आवाज खोलीभर पसरला, पलंग थरथरला, आणि खालच्या बाईंना कळलं असणार की पाहुणे परत आले.

आता स्क्रिप्ट आधी ड्राइव्ह जागेवर आहे का ते बघते, नसेल तर बोंब मारते. 'घोर'ला हात लावायची तिला मनाई आहे. त्याची वेगळी प्रत चष्म्याच्या डबीत असते, आणि आमच्या ह्यांना कॉम्प्युटरपुढे बसायची परवानगी फक्त माझ्यासमोर.

परवा दुपारी मी आणि हे दारात उभे राहिलो. आतून सासऱ्यांचं चाललं होतं, आणि त्याच्या मध्ये मध्ये एक बारीक, शिट्टीसारखं. मी फोन काढला आणि गुपचूप टिपून घेतलं. संध्याकाळी चहाबरोबर ऐकवलं.

सासूबाईंनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं.

"दुसरी मी नव्हे," त्या म्हणाल्या. "ती खालची असेल."

मी ती फाईल 'घोर'मध्येच ठेवली.