फीच्या डब्यातला पिवळा फिल्टर

मात्सुमोतोत कुरेबायाशी तोकुजीच्या दुकानी जुना माल विकायला नेणं म्हणजे मुलगी दाखवायला नेण्यासारखं होतं. नकार ठरलेला, तो किती सभ्यपणे मिळतो एवढंच पाहायचं.

कॅमेऱ्याच्या लेन्सपुढे फिरवून बसवायचे रंगीत काचेचे फिल्टर, ही तर त्याची खासियत. काच दिव्याखाली तिरकी धरली की तिच्यात पडलेल्या उजेडाच्या रंगावरून तो तिचं वय सांगे. उजेड पांढरा दिसला तर युद्धाच्या आसपासची, जांभळट दिसला तर त्यानंतरची, हिरवट दिसला तर अलीकडची. मग काचेभोवतीच्या धातूच्या कड्यावर नख फिरवून कंपनीच्या नावाची अक्षरं कोरलेली की नुसती छापलेली ते बघे आणि "नकली" म्हणून परत देई. यासुए, त्याची बायको, सांगायची की लग्न ठरवताना यांनी मलाही असंच तिरकं करून पाहिलं होतं.

तरी तोही फसायचा. धंद्याचा रिवाज असा, की लिलावात नकली माल गळ्यात पडला तर तक्रार करायची नाही आणि तो पुढे कुणाच्या गळ्यात मारायचा नाही. "शिकवणीची फी" म्हणायचं आणि डब्यात टाकायचं. तोकुजीचा असा डबा आहे हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. यासुएलाही नाही. ठाऊक होतं फक्त कियोताकाला, त्याच्या मुलाला. डोंगरावर ढगांचे फोटो काढायला निघताना त्याने त्यातला एक पिवळा फिल्टर उचलला. "बाबा, ढगांना कुठे कळतंय कंपनी कोणती ते," म्हणाला. गेला तो आलाच नाही.

याला बरीच वर्षं झाली. यासुए अजून रोज सकाळी त्याचं ताट वाढायची. गेलेल्या माणसाचं ताट देव्हाऱ्यापुढे ठेवतात, वाटेवर असलेल्याचं जेवणाच्या टेबलावर. तिचं टेबलावर असे. थोड्या वेळाने ती सूपाच्या वाडग्याचं झाकण उचलून बघे. आतून थेंब धरले असतील तर माणूस सुखरूप. थेंब रोज धरत, कारण सूप ती उकळतं वाढत असे. काचेवर तोंडाची वाफ मारून पुसण्यात जन्म घालवलेला तोकुजी समोर बसून लोणचं चावत राही.

पानं झडू लागली त्या सुमाराला हवालदार मोमोसे दुकानात आला. डोंगराच्या कड्याखालच्या दगडगोट्यांत हाडं सापडली होती. कवटी नव्हती, म्हणजे दातांवरून ओळखायची सोय नाही, आणि नुसत्या हाडांवरून नाव सांगणारं यंत्र तेव्हा निघायचं होतं. हाडांपाशी एक पिवळा फिल्टर मिळाला, तो त्याने काउंटरवर ठेवला. कियोताका हरवला त्याच मोसमात, त्याच डोंगरावर नागोयाचा एक विद्यार्थीही हरवला होता, आणि कॅमेरा त्याच्याही गळ्यात होता.

"काका, अस्सल असला तर..." मोमोसे अडखळला. "म्हणजे तुमच्या घरात नकली वस्तू शिरायची नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. नकली असला तर तो त्या विद्यार्थ्याचा. तुम्ही फक्त बघा."

तोकुजीने काच तिरकी धरली. जांभळट. काळ दोघांच्याही बाबतीत जुळत होता. त्याने नख फिरवलं. अक्षरं छापील होती, आणि मधल्या अक्षराचं शेपूट उलट्या बाजूला वळलेलं होतं. ओसाकाच्या लिलावात हेच शेपूट त्याच्या नजरेतून निसटलं होतं आणि फिल्टर फीच्या डब्यात गेला होता. आत यासुए भांडी घासत होती.

"नकली," तोकुजी म्हणाला.

मोमोसेने सुटकेचा निःश्वास टाकला, कमरेत वाकून नमस्कार केला आणि तुमच्या तोंडून हा शब्द ऐकून पहिल्यांदाच बरं वाटलं, असं म्हणाला. तोकुजीला आणखी एक वाक्य बोलायचं होतं. ते जुळवेपर्यंत दार लागलं. खोटं तो बोललाच नव्हता, आणि खरं बोलून एवढी पंचाईत झालेला गावातला तो बहुधा पहिलाच दुकानदार.

पुढच्या आठवड्यात त्या विद्यार्थ्याची आई, नागोयाच्या उबुकाता बाई, दुकानात आल्या. पोरगं घरी न्यायला आल्या होत्या. स्टेशनवर जाण्याआधी आभार मानायला थांबल्या. एका हातात मिठाईचा खोका, दुसऱ्या हाताने छातीशी धरलेला, पांढऱ्या कापडात बांधलेला अस्थिकलश. यासुएने त्यांना आत नेलं, चहा दिला. कलश तिने स्वतः गादीवर ठेवला आणि त्याच्यापुढे बराच वेळ हात जोडून बसली.

"फार गारठला असेल हो," ती म्हणाली. मग बाईंना धीर द्यायचा म्हणून तिने झाकणावरच्या थेंबांची गोष्ट सांगितली. आमचा अजून वाटेवर आहे, म्हणाली.

उबुकाता बाई म्हणाल्या, "नशीबवान आहात."

तोकुजीने चहाला हात लावला नाही.

निघताना बाई पायरीवर बसून बूट घालू लागल्या आणि तेवढ्यापुरता कलश त्यांनी तोकुजीच्या हातात दिला. तो फारच हलका होता. एक बूट झाला, दुसरा झाला. बाई उठल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

तोकुजीने कलश दिला नाही.

"अहो, द्या ना," यासुए म्हणाली. "त्यांची गाडी चुकेल."

तो तसाच उभा राहिला. बाईंचे हात पुढेच होते. यासुएने आधी त्याच्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि आपलेही दोन्ही हात कलशाला लावले.